चौथ्या बगाचा नागरिक

चौथा बग, ४ जानेवारी २०००

नागरिक योंदोन यांस,

तुमचा अर्ज पेट्रोलच्या ट्रकवाल्या सोद्नोमकडून मिळाला. बगप्रमुख या नात्याने उत्तर देत आहे, म्हणून 'तुम्ही' म्हणते. सवय नाही. मध्येच 'तू' आलं तर चालवून घे.

तू लिहिलंस की शहरात तुझी नोंद होत नाही. खोरोच्या कचेरीतली बाई म्हणते, आधी आपल्या बगातून सुटल्याचा दाखला आण, त्यावर सुमचा शिक्का आण, मग इथे ये. बरोबरच म्हणते ती. माणूस एका वेळी एकाच जागचा असतो, निदान कायद्याने तरी. आणि त्या दाखल्यावर पहिली सही बगप्रमुखाची लागते. म्हणजे माझी. अर्ज लिहिताना तुला हे आठवलं असणारच. 'विनंती' हा शब्द तू दोनदा लिहिला आहेस. लग्नाच्या इतक्या वर्षांत तुझ्या तोंडून मी तो एकदाही ऐकला नव्हता.

तुझ्या आईंना अर्ज वाचून दाखवला. त्यांनी विचारलं, "खोरो म्हणजे काय गं?" मी सांगितलं, देशाचे प्रांत, प्रांतांचे सुम, सुमांचे बग. तसेच शहराचे विभाग आणि विभागांचे खोरो. म्हणजे आपला बगच, फक्त तिथे तंबूला तंबू आणि कुंपणाला कुंपण लागलेलं. त्या थोडा वेळ चहा ढवळत बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे बगातून उठून बगातच गेला की. एवढ्यासाठी लॉरीत बसायचं काय अडलं होतं?"

तुझ्या दाखल्याचं असं आहे. वर्षअखेरची जनावरांची मोजणी सुमला पोचल्याशिवाय कुणाची नोंद हलवता येत नाही. तसा नियम आहे. तो मी काढलेला नाही. खिंडीतला रस्ता मोकळा झाला की मोजणी जाईल. तोवर थांबावं लागेल.

बाकी इकडे ठीक. थंडी थंडीसारखी आहे. जनावरं उभी आहेत. तुझा तांबडा घोडा मजेत आहे. आईंचे गुडघे दुखतात, पण त्या तुला कळवू नको म्हणाल्या, म्हणून कळवत नाही.

दुलमा
प्रमुख, चौथा बग


चौथा बग, २१ जानेवारी

योंदोन,

खिंड पूर्ण बुजली. सोद्नोम ट्रक घेऊन पलीकडेच अडकला. हे पत्र मी खालच्या अंगाने, तुझ्या बहिणीच्या, पगमाताईच्या सुमातून धाडते आहे. तिथली टपालगाडी अजून चालू आहे.

मागच्या पत्रात लिहिलं की जनावरं उभी आहेत. उभी होती, इतकंच खरं होतं. डिसेंबरात मध्येच ऊब आली, बर्फ पाझरलं आणि दुसऱ्या दिवशी सगळं कडक गोठलं. आता कुरणावर काच बसली आहे. मेंढरं खुरांनी उकरतात, पाय फाटतात, गवताची काडी लागत नाही. शेरडं एकमेकांच्या अंगावरची लोकर खातायत. जुनी लोकरी आच्छादनं कापून मी जनावरांच्या पाठीवर बांधली आहेत. तांबडा घोडा गेला. हे सांगणार नव्हते. तू त्याला दूध पाजून वाढवलं होतंस, म्हणून सांगितलं. त्याला कोल्ह्यांनी खाल्लं नाही. मी वर दगड रचले.

आपल्या वाट्याची वैरण सुमच्या कोठारात आहे म्हणे. कोठार खिंडीच्या पलीकडे. तुला माहीतच आहे, आपला बग म्हणजे सुमच्या झग्याला बाहेरून शिवलेला खिसा. सगळा सुम डोंगराच्या त्या बाजूला आणि आपण तेवढे या बाजूला. नदीच्या अंगाने खाली उतरलं की घोड्यावर एका दिवसात पगमाताईचं घर येतं. पण तिथे जायचं तर वाटेत तो लाकडी खांब लागतो. अलीकडच्या बाजूला आपल्या सुमचं नाव, पलीकडच्या बाजूला त्यांच्या. आणि खांबापलीकडे गवत आहे, योंदोन. बर्फातून वर आलेलं, पिवळं, गुडघ्याएवढं.

मी तिथल्या बगप्रमुखाला, गोंचिगदादाला भेटायला गेले होते. त्याने चहा दिला, वाळवलेल्या दह्याचं आरूल पुढे ठेवलं, सगळं रीतीने केलं. मग मी विषय काढला.

"तुमच्या सुमप्रमुखाने आमच्या सुमप्रमुखाला कागद लिहायचा," तो म्हणाला. "आमच्या सुमप्रमुखाने मला लिहायचा. मग मी तुला हो म्हणायचं."

"आमचे सुमप्रमुख खिंडीपलीकडे आहेत."

"फोन कर."

"तारा पडल्यात."

"मग मी काय करू, दुलमा?"

"गवत इथून दिसतंय, गोंचिगदादा."

"दिसणारच. अख्खा उन्हाळा आम्ही तिथे एक मेंढी चरू दिली नाही, म्हणून दिसतंय. माझ्या लोकांनी पोटाला चिमटा काढून ते राखलंय. त्यांना मी काय सांगू? शेजारची बाई आली, तिला दया म्हणून दिलं?"

त्याचं काही चुकलं असं मला म्हणता येईना. त्याच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं. निघताना त्याने विचारलं, "नवरा काय म्हणतो?"

"शहरात आहे."

"नोंद कुठे?"

"माझ्याकडे."

तो हसला. मला हसू आलं नाही.

परत येऊन सभा घेतली. आपल्याच तंबूत, बगातली सगळी घरं. आता कापायला सुरुवात करावी, निदान मांस तरी हाती लागेल, असं काहींचं म्हणणं. कुणीतरी मागून म्हणालं, "योंदोनच शहाणा निघाला." सप्टेंबरात याच लोकांसमोर तू म्हणालास, हिला नवरा नको, बग हवाय. तेव्हा मी उत्तर दिलं नाही. तुझंही सगळं खोटं नव्हतं. लागोपाठ दोन उन्हाळे कोरडे गेल्यावर तुला वाटलं, आता हे सोडावं. मला वाटलं, मी सोडलं तर ही माणसं कुणाकडे बघतील. दोघांनाही आपलंच खरं वाटत होतं आणि बोलायला मात्र आपण सगळी सभा जमवली.

उत्तर पाठवू नकोस. मला वेळ नाही वाचायला. तुझा खोकला कसा आहे तेवढं मात्र कळव.

दुलमा


पगमाताईचं घर, ९ फेब्रुवारी

योंदोन,

आम्ही सगळे जिवंत आहोत. हे आधी लिहिते, म्हणजे तू पुढचं नीट वाचशील.

हे सुचलं तुझ्या आईला. नव्या वर्षाचा पांढरा महिना तोंडावर आला होता. घरात मांस भरलेले बूज करायला पीठ होतं, पण करायला कुणाचा हात उठत नव्हता. आई चुलीपाशी बसल्या होत्या. म्हणाल्या, "नव्या वर्षाला माणसं नातलगांकडे जातात की नाही?"

"जातात."

"माझी मुलगी कुठे राहते?"

"खांबापलीकडे."

"मग नव्या वर्षाला मी माझ्या मुलीकडे जाते. त्याला कुठल्या सुमचा कागद लागतो?"

मी म्हटलं, "आई, थोरल्यांनी धाकट्यांकडे जायचं नसतं, धाकट्यांनी यायचं असतं."

"ते चांगल्या वर्षी."

"आणि मेंढरं?"

"मी म्हातारी आहे. मला मेंढरांशिवाय झोप लागत नाही."

सभेत मी हे सांगितलं. मग एकेकाला आपले नातलग आठवू लागले. कुणाची मावशी खांबापलीकडची, कुणाचा मामा. ज्याला कुणीच नव्हतं तो म्हणाला, माझा घोडा तिकडून आणलेला आहे. कित्येक महिन्यांनंतर पहिल्यांदा लोक हसले. दुसऱ्या दिवशी तंबू उतरवले.

वाटेत काय गेलं ते आता लिहीत नाही. बरंच गेलं. आईंना उंटावर बांधून, वरून लोकरीच्या दोन आच्छादनांत गुंडाळून आणलं. आत त्यांनी नवा निळा झगा घातला होता आणि तो चुरगळेल म्हणून वाटभर कुरकुरत होत्या. खांबाशी आलो तेव्हा मी बगप्रमुख म्हणून जरा थांबले. कळप थांबला नाही. पुढच्या बोकडाला गवताचा वास आला आणि तो खांबाला अंग घासून पलीकडे गेला. मागून सगळे गेले. मी शेवटची गेले.

पगमाताई दारात उभी. "आई, तू माझ्याकडे? लोक काय म्हणतील? मी यायचं तुझ्याकडे."

"तू यायची वाट पाहिली असती तर तुला मी भेटले नसते."

मग ताईने आमच्या मागे पाहिलं. उतारावर जनावरं, उंट, बैलगाड्या, सगळा चौथा बग. "आणि हे?"

"हे तुझ्या माहेरचे," आई म्हणाल्या. "सगळ्यांना आत घे, बाहेर गारठा आहे."

ताईने घेतलं. माणसं एकमेकांच्या मांडीवर बसली. रात्रीतून तिने किती बूज वळले देव जाणे. मी आणि ती शेजारी बसून वळत होतो तेव्हा ती हळूच म्हणाली, "तो पत्र पाठवतो?" मी म्हटलं, "अर्ज पाठवतो."

वर्षाच्या पहिल्या सकाळी गोंचिगदादा आला. नवा झगा, डोक्यावर टोपी, पण मागे त्याच्या बगातले दोन दांडगे गुराखी. चेहऱ्यावरून कळलं, पाहुणा म्हणून आलेला नाही. दारातूनच सुरू झाला, "दुलमा, मी तुला स्पष्ट सांगितलं होतं..."

तेवढ्यात आई समोरच्या मानाच्या जागेवरून उठल्या. एकट्या उठल्या, त्या गुडघ्यांनी. दोन्ही हात पुढे केले, तळवे खाली, आणि तशाच उभ्या राहिल्या. नव्या वर्षाच्या सकाळी घरातल्या सगळ्यांत थोरल्या माणसाने हात पुढे केल्यावर बाकीचं सगळं थांबतं. गोंचिगदादाने माझ्याकडे पाहिलं, ताईकडे पाहिलं, त्या हातांकडे पाहिलं. आई ते खाली करीनात. मागच्या दोघांपैकी एकाने आधी टोपी सारखी केली. मग गोंचिगदादा वाकला, आपले हात त्यांच्या कोपरांखाली धरले आणि विचारलं, "सुखात आहात ना, आई?"

"सुखात आहे रे," त्या म्हणाल्या. "तुझ्या कुरणात आहे."

त्याला बसावंच लागलं. बसल्यावर खावंच लागलं. ताईने त्याच्यापुढे ताट ठेवलं आणि भरतच राहिली. मग त्याने तोंड पुसलं. "पगमा, तुझे पाहुणे राहणार किती दिवस?"

"पाहुण्यांना असं विचारतात का?"

"मी यजमानीणबाईंना विचारतोय."

"पांढरा महिना म्हणतात, पांढरा दिवस म्हणत नाहीत," ताई म्हणाली. "महिना तर होऊ दे."

त्याच्या मागचा एक गुराखी फिसकन हसला. गोंचिगदादा उठला, बाहेर गेला. मी मागून गेले. तो उतारावर उभा राहून चौथ्या बगाच्या मेंढरांकडे पाहत होता. पाठीवर आच्छादनं बांधलेली, खाली मान घालून, एकही वर न पाहता खाणारी. खूप वेळ पाहिलं त्याने. म्हणाला, "वरच्या उतारावर ठेव. नदीकाठचं माझ्या लोकांना वसंतात लागेल. एक जरी मेंढी खाली आली तरी मी येईन, आणि तेव्हा तुझ्या सासूबाईंच्या समोर येणार नाही."

"नाही येणार खाली."

"माझ्या लोकांशी मी बोलतो. शिव्या मलाच खायच्यात."

मग आम्ही दोघांनी एकमेकांना नव्या वर्षाचा नमस्कार केला. तो थोरला, म्हणून माझे हात खाली.

आत सगळे सगळ्यांना भेटत होते. नवरा-बायकोने एकमेकांना हा नमस्कार करायचा नसतो. म्हणजे त्या घटकेला तुझी उणीव भासायचं काही कारण नव्हतं. तरी भासली.

दुलमा


पगमाताईचं घर, ३ मार्च

योंदोन,

पांढरा महिना संपत आला, पण आता घालवून देणारं कुणी नाही. गोंचिगदादा स्वतः त्यांच्या सुमला गेला, सुमप्रमुखाशी बोलला आणि कागद घेऊन आला. वसंताचं गवत येईपर्यंत राहायला परवानगी. कागदावर तारीख मात्र नव्या वर्षाआधीची आहे. मी विचारलं तर म्हणाला, "पाहुणे कागद घेऊनच आले होते. मला आधी दिसला नाही, एवढंच."

अर्ध्याहून जास्त जनावरं गेली. उरली ती खातायत. दक्षिणेकडच्या उतारावर माती दिसू लागली आहे. काल एका मेंढीला कोकरू झालं, फार लवकर, आणि जगलं. ताईने ते आपल्या झग्यात घालून ठेवलंय. माणूस एकही दगावलं नाही. रोज झोपण्याआधी मी हे मनात म्हणते आणि मग मला झोप लागते. किती दिवसांनी.

तुझा दाखला सोबत आहे. मोजणी पोचल्याशिवाय नोंद हलत नाही असा काही नियम नाही. तुलाही ते माहीत असेल. गोंचिगदादाच्या एका 'हो'साठी मी त्याच्या दारात गेले तेव्हा मनात आलं, तूही तिकडे एका बाईच्या 'हो'साठी खोळंबला आहेस. तुझ्याकडून एकाही पत्राचं उत्तर नाही. तेही एक उत्तरच असतं. म्हणून सही केली, बगाच्या नोंदीतून तुझं नाव काढलं. सुमचा शिक्का खिंड उघडली की घे.

रागाने केलेलं नाही. खरंच नाही. तुला बांधून ठेवायचं तर माझ्याकडे सहीशिवाय दुसरं काहीतरी असायला हवं. ते असेल तर सही लागत नाही, नसेल तर सहीचा उपयोग नाही. आई माझ्याकडेच राहतील, त्यांनी ते स्वतःच जाहीर केलं आहे.

खोकल्याला उंटाच्या दुधात आलं घालून घे. शहरात उंटाचं दूध मिळत नसेल तर नुसतं आलं.

दुलमा


पगमाताईचं घर, १९ मार्च

योंदोन,

हे पत्र खोरोला नाही, आपल्या सुमच्या दवाखान्यात पाठवते आहे. पुरुषांची खोली, खिडकीजवळची खाट. सोद्नोमने पत्ता असाच सांगितला.

काल दुपारी ट्रकचा आवाज आला. ताईचे कुत्रे धावले. ट्रकवर वैरणीचे गठ्ठे, आत सोद्नोम काजळीने माखलेला. आपल्या वस्तीवर कुणी नाही बघून तो घाबरला होता, मग मेंढरांच्या वाटेवरून माग काढत इथवर आला. मी त्याला चहा दिला. माझं मागचं पत्र, दाखला घातलेलं, अजून इथल्या सुमच्या टपालात पडलंय की गेलं, हे विचारायचं माझ्या मनात होतं. त्याआधीच तो म्हणाला, "वहिनी, खिंड फोडली आम्ही. पण योंदोनच्या पायाचं तेवढं वाईट झालं."

"कुठला योंदोन?"

"कुठला म्हणजे? तुमचा."

मी म्हटलं, "आमचा शहरात आहे."

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग त्याच्या लक्षात आलं की मला काहीच ठाऊक नाही. सगळं सांगायला लागला. जानेवारीत तू रेडिओवर ऐकलंस की चौथ्या बगाचा रस्ता तुटला. गॅरेजातलं काम त्याच दिवशी सोडलंस. प्रांताच्या मुख्य गावी वैरणीच्या गाड्या निघत होत्या, त्यात चढलास. खिंडीच्या पायथ्याशी गाड्या थांबल्या आणि तेव्हापासून तू, सोद्नोम आणि सुमची माणसं फावडी घेऊन होतात. आज फोडलेलं उद्या वारा भरून टाकायचा. "बाकीचे आळीपाळीने खाली यायचे," सोद्नोम म्हणाला, "हा येत नव्हता. म्हटलं, अरे, शहरातला माणूस तू, मरशील. तर मलाच म्हणतो, कोण शहरातला?"

म्हणजे माझी पत्रं तिकडे खोरोत पडून आहेत आणि तू इकडे, मधल्या एका डोंगरापलीकडे. तू उत्तर देत नाहीस म्हणून मी मनातल्या मनात तुला काय काय बोलले, ते तुला कधीच सांगणार नाही.

मी सोद्नोमसमोर रडले. तो गांगरला आणि उठून ट्रकचं चाक बघायला गेला. आई म्हणाल्या, "नीट विचार त्याला, किती बोटं गेली?" मी विचारलं. डाव्या पायाची दोन. तर त्या म्हणाल्या, "मग आठ आहेत की. त्याला काय विणकाम करायचंय पायाने?" आणि तोंड फिरवून चुलीत गोवऱ्या सारू लागल्या. चूल आधीच भडकलेली होती.

सोद्नोम म्हणाला, दवाखान्यात नोंद करताना डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कुठले? तू म्हणालास, चौथा बग. ते आता खोटं झालंय, योंदोन. चौथ्या बगातून तू सुटला आहेस आणि खोरोने तुला अजून घेतलेलं नाही. आज तारखेला तू देशात कुठेच नाहीस. गोंचिगदादाला हे सांगितलं तर तो इतका हसला की त्याला ठसका लागला. म्हणाला, "माझ्याकडे टाक त्याला. आमच्या बगात माणसं कमी आहेत." मी म्हटलं, "विचार करते."

तुला परत यायचं असलं तर रीतसर यावं लागेल, बगसभा बसेल आणि मी सभेत काही बोलणार नाही. यायचं नसलं, शहराचंच मनात असलं, तर तेही आपण बोलू. या खेपेला सभा बोलवायची नाही. तू, मी, आई आणि चहा. मी पुरतं ऐकून घेईन. या हिवाळ्यानंतर मला शहराची भीती पूर्वीइतकी वाटत नाही, आणि तुलाही बगाचा पूर्वीइतका कंटाळा नसावा, नाहीतर तू फावडं कशाला धरलं असतंस.

परवा निघते आहे. गोंचिगदादाने दोन घोडे दिलेत. एक माझ्यासाठी आणि एक शांत घोडी तुझ्यासाठी. डॉक्टरीणबाईंनी नाही म्हटलं तर मी तिथेच थांबेन. खाट देऊ नका म्हणावं, मी जमिनीवर झोपते.

आई तुझ्या डाव्या पायासाठी लोकरीचा जोडा शिवतायत, पट्टी आत मावेल असा. माप विचारलं तर मी म्हटलं, पूर्वीपेक्षा जरा आखूडच धरा. त्यांनी हातातल्या सुईसकट माझ्याकडे रोखून पाहिलं. मला वाटलं, आता ओरडतील. पण त्यांचेच खांदे हलू लागले, मग माझे, मग ताईचे. ताईच्या झग्यातलं कोकरू दचकून ओरडायला लागलं तरी आम्हा तिघींना थांबता येईना.

दुलमा